घरचे दप्तर आणि त्याच्या प्रती

दप्तर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि इथलाच होऊन राहिला. आज अंधेरी किंवा मुलुंडच्या मुलाला दप्तर म्हटले की पाठीवरची पिशवी आठवते. त्याच्या पणजोबांना फडताळातले रुमाल आठवत असत. रुमाल म्हणजे कापडात बांधून ठेवलेले कागदांचे गठ्ठे. त्यांत इनामाची सनद असे, खरेदीखत असे, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या असत, जन्मपत्रिका असत. घराला आपण कोण, आपले काय आणि आपल्याकडे कोणाचे काय, हे सांगणारा तेवढाच पुरावा.

उपनगरांतल्या दोन खोल्यांत रुमालांना जागा उरली नाही. पण दप्तर संपले असे मात्र नव्हे. मुलाच्या मुंजीचे चलच्चित्र, आजीचा मुद्रित केलेला आवाज, सोसायटीचे भागपत्र, जागेचा करारनामा, तीस वर्षांची छायाचित्रे हे सारे आता विजेच्या रूपात असते. पुष्कळ घरांतून ते एका लहानशा पेटीत ठेवलेले आढळते. वायफायच्या यंत्राशेजारी ही पेटी बसते, तिच्या पोटात दोन किंवा चार हार्ड डिस्क असतात आणि घरातले सगळे फोन व संगणक तिच्याशी जोडलेले असतात. दुकानदार तिला नॅस म्हणतात. लॅमिंग्टन रोडवर ही पेटी घ्यायला गेलेला गृहस्थ हमखास दोन प्रश्न विचारतो : डिस्क दोन घ्याव्यात की चार, आणि त्या आत कशा लावाव्यात?

प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे आम्ही पुढे देणार आहोत. परंतु या प्रश्नांच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. दप्तराला धोका आहे तो डिस्क बिघडण्याचा, आणि तेवढा टाळला की दप्तर सुखरूप, ही ती समजूत होय. महाराष्ट्रात दप्तरे कशी गेली आणि कशी राहिली, हे थोडे पाहिले म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे ते ध्यानात येईल.

१६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि राजधानीतले दप्तर त्या धामधुमीत नाहीसे झाले. मग शिवाजी महाराजांची पत्रे आज आपण वाचतो ती आली कोठून? बहुतांशी ती ज्यांना लिहिली त्यांच्या घरांतून आली. मावळातले देशमुख, गावोगावचे कुलकर्णी आणि जोशी, मठ आणि देवस्थाने यांच्या माळ्यांवर ती पडून होती. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी अशी घरे पायांखाली घातली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. राजवाड्यांच्या चिकाटीचे कौतुक आपण करतो ते योग्यच आहे; पण त्यांना गोळा करायला काही उरले होते, याचे श्रेय जुन्या कारभाराच्या रीतीला दिले पाहिजे. एका इनामाचा निर्णय झाला की इनामदाराला एक पत्र जाई, गावच्या मोकदमाला दुसरे, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना तिसरे. पत्राच्या शेवटी पुष्कळदा असा हुकूम असे की, याची नक्कल उतरून घ्या आणि मूळ पत्र ज्याचे त्याला परत द्या. कुलकर्ण्याचा हिशेब गावात राही आणि त्यावरून केलेला देशपांड्याचा हिशेब परगण्यात राही. गाव जळाले तरी परगण्याचा कागद वाचे. वाडा लुटला गेला आणि कागद गेले, सबब नवे पत्र करून द्यावे, अशा मागण्या मराठी कागदपत्रांत पुन्हा पुन्हा दिसतात आणि अशी पत्रे करूनही दिली जात. हे होऊ शके, कारण दुसरा कागद दुसऱ्या माणसाकडे दुसऱ्या गावी होता.

याहून जुने आणि अधिक हृदयाला भिडणारे उदाहरण ‘लीळाचरित्रा’चे आहे. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून, पडताळून लिहून काढल्या. पुढे खल्जींच्या स्वाऱ्यांच्या काळात ही मूळ पोथी हातची गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. पोथी गेली, पण ती मुखोद्गत असणारी माणसे राहिली होती. हिराइसेसारख्या शिष्येच्या स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा जुळवला गेला. मात्र हे फुकट झाले नाही. निरनिराळ्या शिष्यांच्या आठवणींतून निरनिराळे पाठ निघाले आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम विसाव्या शतकातल्या संशोधकांपर्यंत चालू राहिले, डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली बाहेर पडली. मूळ पोथीची एक तंतोतंत प्रत चार कोसांवर असती, तर सहाशे वर्षांचा हा खटाटोप वाचला असता. उलट, प्रती पुष्कळ असल्या म्हणजे काय साधते, हे पुण्याच्या भांडारकर संस्थेने दाखवून दिले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. त्यासाठी देशभरच्या १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. काश्मीरच्या लेखकाने केलेली चूक मलबारच्या लेखकाने केलेली नसते. म्हणून एकाची चूक दुसऱ्यावरून पकडता येते. एकाच लेखकाने एकाच बैठकीत दहा प्रती उतरल्या, तर त्याची चूक दहाही ठिकाणी तशीच उतरते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; तिच्याशी आपले पुढे काम आहे.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९५६ साली रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, यंत्राचे वजन टनाच्या वर, आणि त्यात मावत ती सुमारे पन्नास लाख अक्षरे. आजच्या फोनवर काढलेले एखाददुसरे छायाचित्र त्यात बसले असते. तेथून डिस्क लहान आणि स्वस्त होत गेली. या प्रवासात आमच्या उपनगराचाही थोडा हात लागला आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. अंधेरीची सीप्झ वसाहत १९७३ साली निघाली. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला तेव्हा त्यातील फ्लॉपीची यंत्रे टंडन या कंपनीची होती. कॅलिफोर्नियात जुगी टंडन या भारतीयाने काढलेली ही कंपनी. तिच्या उद्योगातील जुळवणीचे बारीक काम १९८० च्या दशकात सीप्झमध्येही चाले. १९८८ साली टंडनचा हार्ड डिस्कचा कारखानदारीचा धंदा वेस्टर्न डिजिटलने विकत घेतला. आज नॅसच्या पेटीत घालायला म्हणून जी डिस्क आपण घेतो, तिच्यावर याच वेस्टर्न डिजिटलचे नाव पुष्कळदा असते.

त्याच १९८८ साली बर्कलेच्या विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध वाचला. मोठ्या संगणकांना लागणारी एक महागडी डिस्क घेण्याऐवजी स्वस्त डिस्कची रांग लावावी, असे त्यांचे म्हणणे. पण स्वस्त डिस्क दहा लावल्या की त्यांतील एखादी बिघडण्याचा संभव दहापट होतो. म्हणून रांगेत थोडी जादा डिस्क ठेवून तिच्यावर बिघाडाची भरपाई करावी, ही त्यातील खरी युक्ती. या रांगेला त्यांनी रेड हे आद्याक्षरी नाव दिले. इंग्रजीत याच उच्चाराचा एक शब्द धाड या अर्थी आहे. धाडीत पोथी गेलेल्या महानुभावांना ते नाव काही शुभ वाटले नसते. असो.

ही भरपाई कशी होते, हे समजायला जमाखर्चाची वही पुरे. समजा, तीन रकमा लिहिल्या : ७, ५ आणि ९. खाली बेरीज मांडली : २१. वाळवीने ५ चा आकडा खाल्ला. तरी २१ मधून ७ आणि ९ वजा केले की ५ परत मिळतो. मात्र वाळवीने दोन आकडे खाल्ले, तर उरलेल्या आकड्यांवरून ते निघत नाहीत. चार डिस्कच्या पेटीत एका डिस्कइतकी जागा बेरजेला दिली, की त्या रचनेला रेड पाच म्हणतात. दोन निराळ्या रीतींनी काढलेल्या दोन बेरजा ठेवल्या, की रेड सहा. आणि बेरजेच्या भानगडीत न पडता प्रत्येक अक्षर दोन डिस्कवर सारखेच लिहिले, की रेड एक. तिला आपण जोडी म्हणू. याखेरीज सगळ्या डिस्क एकमेकींना जोडून एक मोठी डिस्क करण्याची एक रीत आहे. तीत जागा सगळी मिळते आणि एक डिस्क गेली की सगळे जाते. दुकानदार ती वेगाच्या नावाखाली विकतो. घरच्या दप्तराला ती वर्ज्य समजावी.

हिशेब असा पडतो. चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर सगळ्या जोडून सोळा, एका बेरजेने बारा, दोन बेरजांनी आठ आणि दोन जोड्या केल्यास आठच टेराबाइट हाती येतात. बारा पाहून माणसाचा जीव एका बेरजेकडे ओढ घेतो. तेथे थोडे थांबावे. एक डिस्क गेल्यावर नवी घातली, की उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून गेलेली डिस्क पुन्हा लिहून काढावी लागते. सेकंदाला दीडशे मेगाबाइटचा वेग धरला तरी चार टेराबाइटला सात तासांच्या वर लागतात. घरची नेहमीची कामे चालू असली तर याहून पुष्कळ अधिक. तितका वेळ दुसऱ्या कोणत्याही डिस्कने दगा दिला की बेरीज निरुपयोगी. आणि चारही डिस्क एका दिवशी, एका दुकानातून, एकाच घाण्यातल्या घेतलेल्या असतील, तर त्यांचे म्हातारपणही बरोबरच येते. तेव्हा आमचे मत असे की, सामान्य कुटुंबाला दोन डिस्कची जोडी पुरते. संग्रह खरोखरच मोठा असेल तर चार घ्याव्यात आणि दोन बेरजा ठेवाव्यात. मग कोणत्याही दोन गेल्या तरी निभावते. दोन जोड्या केल्या तर एकाच जोडीतल्या दोन्ही जाऊ नयेत एवढी देवाची कृपा लागते; मात्र पुनर्लेखनाचे काम सोपे आणि लवकर होते. पेटीला बॅटरीचा आधार द्यावा, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेले तसेच राहते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सबंध मुंबईची वीज गेली होती, हे अजून पुष्कळांना आठवत असेल.

येथपर्यंत डिस्कची गोष्ट झाली. परंतु रायगडचे दप्तर काही कागद कच्चा होता म्हणून गेले नव्हते.

२६ जुलै २००५ ही तारीख उपनगरांत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी आणि त्या रात्री मिळून चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच चोवीस तासांची नोंद ७३ मिलिमीटरची आहे. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात, अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतले. मिठीचे पाणी कुर्ल्याला आणि कलिन्याला घराघरांतून शिरले. पोयसर, ओशिवरा, दहिसर या ज्यांना आपण नाले म्हणू लागलो होतो त्यांनी आपण नद्या आहोत हे सांगितले. शेकडो माणसे गेली; त्यापुढे कागदांचे दुःख लहान आहे, हे आम्ही जाणतो. तरी ज्यांची माणसे वाचली त्यांनी पाणी ओसरल्यावर काय केले, हेही इतिहासाने नोंदवावे. तळमजल्यावरच्या घरांनी लग्नाचे आल्बम गच्चीवर उन्हात पसरले आणि चिकटलेली पाने सोडवताना चेहरे कागदावरून निघून आले. तेव्हा घरोघरी संगणकाचा डबा टेबलाखाली, जमिनीवर असे. त्या डब्यात डिस्कची उत्तमातली उत्तम जोडी असती, तरी दोन्ही डिस्क एकाच पाण्याखाली गेल्या असत्या. जोडीतली दुसरी डिस्क पहिलीपासून चार बोटांवर असते, आणि नेमके हेच तिचे वैगुण्य आहे. कुलाब्याला किंवा नाशिकला एक साधी डिस्क पिशवीत पडलेली असती तर तिने काम केले असते.

आगीचेही तेच. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागून वरचे मजले जळाले, पाच जण दगावले, आणि जळालेल्या फायली नकलांवरून पुन्हा उभ्या करण्याचे काम शासनाला हाती घ्यावे लागले.

तिसरे उदाहरण आमच्याच बंदराचे आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा येथील गेटवे टर्मिनल्सचे काम एकाएकी ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या कंपनीच्या समूहातले. युक्रेनमधून सुटलेल्या नॉटपेट्या नावाच्या संगणकी रोगाने मर्स्कचे जगभरचे संगणक काही तासांत निकामी केले. कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंदवही ठेवणारे सुमारे दीडशे संगणक कंपनीने जगभर पसरून ठेवले होते आणि ते सतत एकमेकांशी नोंदी जुळवून घेत. एक गेला तर दुसऱ्यावरून तो उभा करता येईल, ही योजना. सगळे एकदम जातील असे कोणाच्या मनात आले नव्हते. आणि ते सगळे गेले. उरला फक्त एक. आफ्रिकेतल्या घाना देशातील कचेरीची वीज हल्ल्यापूर्वी गेली होती, म्हणून तेथला संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा त्यांच्यापैकी एकाने ती डिस्क विमानाने नायजेरियात नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती इंग्लंडला पोचली. तिच्यावरून कंपनीने आपला कारभार पुन्हा उभारला. येथे प्रती दीडशे होत्या, दूरदूर होत्या, तरी त्या एकाच लेखकाने एकाच बैठकीत उतरल्यासारख्या होत्या. एका ठिकाणचे बिघडणे सर्व ठिकाणी तत्परतेने पोचत होते.

घरच्या जोडीचा स्वभाव हाच. मुलाने चुकून आजीच्या छायाचित्रांचा कप्पा पुसला, तर दुसऱ्या डिस्कवरूनही तो त्याच क्षणी पुसला जातो. खंडणीखोरांनी कुलूप घातले तर दोन्हीकडे पडते. जोडी चूक आणि बरोबर यांत भेद करीत नाही. पेटी अहोरात्र चालू राहावी, एक डिस्क गेल्याने घरचे काम अडू नये, एवढ्यासाठी ती आहे. तिला प्रत म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय. दुर्दैवाने हा गैरवापर पुष्कळ जाणती माणसेही करतात.

तेव्हा पैसे मोजकेच असतील, तर चार डिस्कची पेटी न घेता दोन डिस्कची घ्यावी आणि उरलेल्या पैशांत बाहेरून जोडायच्या दोन सुट्या डिस्क घ्याव्यात, असा आमचा आग्रह आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम पुष्कळांनी ऐकला असेल : प्रती तीन, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आम्ही त्यात घानाची भर घालतो : एक तरी प्रत तुटलेली असावी. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, सुटी डिस्क पेटीला लावावी, प्रत उतरावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. पेटीत कालचे, परवाचे, महिन्यापूर्वीचे रूप राखण्याची सोय असते. ती चालू करावी, म्हणजे पुसलेले बरेचसे जागच्या जागी परत मिळते. दुसरी सुटी डिस्क बाहेरगावच्या नातेवाइकाकडे असावी. गणपतीला आणि दिवाळीला जाणे होतेच, तेव्हा अदलाबदल करावी. कोकणातले घर असेल तर जागा पाहून ठेवावी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीने काय केले ते आपण पाहिले आहे. आणि जी डिस्क घराबाहेर जाते तिला परवलीच्या शब्दाचे कुलूप घालावे.

नातेवाइकांऐवजी एखाद्या कंपनीकडे भाड्याची जागा घेऊन इंटरनेटवरून प्रत पाठवता येते. तीही चालेल. पण घरून पाठवण्याचा वेग सेकंदाला वीस मेगाबिट असला तर एक टेराबाइट जायला साडेचार दिवसांच्या वर लागतात, हे आधी ठाऊक असावे. आणि परवलीचा शब्द घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असू नये. कर्त्या पुरुषाबरोबर परवलीचा शब्दही गेला, आणि मागे राहिलेल्यांना भाडे कोठे भरावयाचे हेही कळले नाही, अशी घरे आता उपनगरांत आढळू लागली आहेत. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करून दोन-चार वर्षे भाड्याच्या जागेत काढणाऱ्या कुटुंबांनी तर जास्तच जपावे. पेटी आणि दोन्ही सुट्या डिस्क एकाच टेम्पोतल्या एकाच खोक्यात जाऊ देऊ नयेत.

एक गोष्ट राहिली, आणि ती राजवाड्यांच्या रुमालांनीच शिकवलेली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी लिहिणारी माणसे घरोघरी होती. आज हजारो रुमाल जसेच्या तसे शाबूत आहेत, शाईसुद्धा फिकी झालेली नाही, पण उघडून बसल्यावर ओळ लागत नाही. मोडी जाणणारा शोधावा लागतो. घरच्या पेटीतही असे होते. काही कंपन्यांच्या पेट्या डिस्कवर स्वतःच्याच पद्धतीने लिहितात, विशेषतः बेरजेच्या रचनेत. पेटी बिघडली आणि त्या जातीची पेटी बाजारातून गेली, की डिस्क धडधाकट असून वाचता येत नाहीत. म्हणून सुट्या डिस्कवरची प्रत साध्या रूपात ठेवावी : कोणत्याही संगणकाला लावली की कप्पे दिसावेत, छायाचित्र नेहमीच्या जेपेगमध्ये आणि कागद पीडीएफमध्ये उघडावेत. कुलूप घातलेल्या डिस्कच्या बाबतीत ते उघडण्याची रीतही कागदावर लिहून ठेवावी. आणि वर्षातून दोनदा, डिस्कची अदलाबदल होईल त्या दिवशी, नातेवाइकाच्याच संगणकावर ती लावून जुन्यातली जुनी दहा छायाचित्रे उघडून पाहावीत. २००५ च्या आधीची असतील तर ती आधी.